कापूर, कापूस आणि मधली भिंत

“आणि आग लागली तर पळायचा दुसरा रस्ता?” लाल हेल्मेटवाल्या तरुणाने विचारलं. विमा कंपनीकडून पाहणीला आलोय, असं त्याने सकाळीच सांगितलं होतं.

कृष्णराव इंगळ्यांनी डोकं खाजवलं. दाल बाजारातल्या त्या जुन्या इमारतीत खाली त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आणि वर कापराचं गोदाम. यंदा कंपनीने साफ कळवलं होतं, धोका कमी करा, नाहीतर विमा विसरा. बिचाऱ्यांनी लोंबत्या तारा काढल्या, जिन्यातली खोकी हलवली, चहाची शेगडीसुद्धा हद्दपार केली. विम्याशिवाय कापराच्या ढिगाखाली झोप कुठून यायची!

“जिना तर एकच आहे,” ते म्हणाले.

तरुण भिंती ठोकत निघाला आणि मधल्या भिंतीपाशी थांबला. “सर, यहाँ दरवाज़ा था क्या?”

“होतं.” कृष्णरावांचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं.

“मग तेच उघडा. काम फत्ते! विटा वरून काढत या, मलबा जिन्यात ठेवू नका, खाली कडीपाशी जरा जपून, आणि धूळ कापरावर नको.”

“अहो, पलीकडे माझा भाऊ आहे. तुम्ही ओळखत नाही त्याला!”

 तरुण हेल्मेट सारखं करून जिना उतरला.

पलीकडे सूर्याजीचं गाद्या-रजयांचं दुकान. वडील गेले, आणि त्यांच्या दुकानाची पाटी कुणाच्या दारावर लागायची यावरून दोघं असे काही भांडले, की मधलं दार बंद करून दोन्ही बाजूंनी विटा चढवल्या. दोघांची लग्नं त्यानंतरची. एकाने दुसऱ्याच्या मांडवात पाऊल टाकलं नाही. आणि पाटी? ती गोरखी मोहल्ल्यात आत्याकडे गव्हाच्या पिंपावर झाकण होऊन बसली. इंगळ्यांची अक्कल ही अशी!

“जाऊन विचारा ना,” कृष्णरावांच्या पत्नी उषाताई म्हणाल्या. “नाहीतर मी जाते.”

“तू कशाला? मी काय भितो त्याला?”

भीत होतेच. शेजारच्या दुकानात जायला त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, यावरून काय ते समजा.

सूर्याजीने कापसातून मान वर केली नाही. “कसं काय येणं केलंत?”

सख्खा धाकटा भाऊ, आणि ‘केलंत’! कृष्णरावांना ते फार लागलं. “विम्यासाठी आलोय. मधलं दार उघडायचंय.”

“तो हेल्मेटवाला माझ्याकडेपण येऊन गेला,” सूर्याजी कुरकुरला. “मला काही हौस नाही. पण विमा तर पाहिजे. फोडा.”

“हौस मलाही नाही.”

“तेच म्हटलं.”

भिंत फुटताना एक भाऊ इकडून गवंड्यावर ओरडत होता, दुसरा तिकडून. शेवटच्या विटा निघाल्या आणि जुनं सागवानी दार दिसलं. कडी थेट गुडघ्याशी.

“अगबाई, इतकी खाली?” उषाताईंनी विचारलं.

“बाबांनी लावलेली. सूर्या एवढासा होता, वरच्या कडीला हात पुरायचा नाही, मग भोकाड पसरायचा.”  कृष्णराव कसेबसे वाकले आणि त्यांनी कडी ओढली.

समोर सूर्याजी. भुवया पांढऱ्या झालेल्या.

“कापूस लागलाय तुला,” कृष्णराव म्हणाले.

“कापूस नाही तो,” सूर्याजी म्हणाला, आणि हसला. कृष्णराव मात्र रडले. डोळ्यात धूळ गेली म्हणाले, पण रडले.

मग काय! रोज सकाळी दोघांचा नाश्ता त्या उंबऱ्यावर होऊ लागला. डाळ भरलेली गरम पुरी, म्हणजे बेडई, सूर्याजीकडून, चहा उषाताईंचा.

तिथेच एक दिवस हर्षिता मॅडम आल्या. गळ्यात विमा कंपनीचं ओळखपत्र. “पाहणी करायची आहे.”

“झाली की! मागेच तुमचा माणूस येऊन गेला.”

“कोण माणूस? ही इमारत माझ्याकडे आहे, आणि मी आजच येतेय.” त्यांचं लक्ष दाराकडे गेलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “एकीकडे कापूर, पलीकडे कापूस, आणि मध्ये दार? अहो, भक्कम भिंत होती, तिच्यावरच तर तुम्हाला हप्त्यात सूट मिळाली असती! पळायला मागून लोखंडी जिना लावला असता की झालं असतं. घाला भिंत परत.”

“भिंत नाही घालायची!” सूर्याजी केवढ्याने तरी ओरडला.

“नाहीच घालायची,” कृष्णराव म्हणाले. “हप्ता वाढू दे.”

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. “बरं, मग आग अडवणारं लोखंडी दार बसवा. आणि मागचा जिना. सूट थोडी कमी मिळेल, पण मिळेल.”

“बसवू. पण कडी खालीच लागणार.”

“खाली कशाला?”

कृष्णराव सांगायला गेले आणि थबकले. ‘खाली कडीपाशी जरा जपून.’ त्या हेल्मेटवाल्याने हे सांगितलं, तेव्हा तर दार विटांच्या आड होतं. ती कडी उषाने पाहिली नव्हती, गवंड्याने पाहिली नव्हती. बाबा गेल्यावर ती ठाऊक असलेली माणसं जगात दोनच उरली होती.

त्यांनी हळूच मान वळवली.

सूर्याजी ताटलीत तोंड खुपसून बसला होता. “खा ना, दादा,” तो वर न बघताच म्हणाला, “तुझी बेडई गार होतेय.”