चालता तारा

"किल्ली द्या काका. उगाच तमाशा नको," नवसाबाईंनी हात पुढे केला.

यादवरावांनी गच्चीची किल्ली मुठीत घट्ट धरली. सिडकोतल्या या तीन मजली इमारतीच्या नवसाबाई मालकीण. समोरच्या इमारतीतला मयूर नावाचा तरुण सकाळीच येऊन तक्रार करून गेला होता. तुमचा नवा भाडेकरू रोज संध्याकाळी दुर्बीण लावून आमच्या खिडक्यांत बघतो, म्हणाला.

"अहो, मी उपग्रह बघतो. आभाळात फिरणारे," यादवराव म्हणाले.

"उपग्रह म्हणे! आणि त्यासाठी सिन्नरचं स्वतःचं घर सोडून इथे खोली घेतलीत? तिकडे आभाळ नाही वाटतं?"

"तिकडे करमत नाही बाई."

खरंच नव्हतं करमत. दिवसभर जीव अडकलेला असायचा तो संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासात. बाकीचा दिवस नुसता ढकलायचा. किल्ली गेली तर या परक्या गल्लीत राहून करायचं काय? यादवराव म्हणजे एक नंबरचे हट्टी, उभ्या जन्मात कोणापुढे वाकले नव्हते. पण आता त्यांनी चक्क हात जोडले.

"उद्या सातच्या सुमाराला वर या. त्या मुलालाही बोलवा. उपग्रह दाखवतो. नाही दिसला तर किल्ली तुमची, खोलीही रिकामी करतो."

बोलून तर बसले, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी इंटरनेटवर उपग्रहाची वेळ पक्की करायला सायबर कॅफे उघडायच्या आधीच दारात हजर. "आज दिसणार ना नक्की? कुठल्या बाजूने?" त्यांनी इतक्यांदा विचारलं की कॅफेवाला वैतागला.

आणि संध्याकाळी बघतात तर काय, पांडवलेण्यांच्या बाजूला ढग!

नवसाबाई आल्या, मयूरही आला. सात वाजून गेले. मान वर करून करून यादवरावांचं डोकं गरगरायला लागलं.

"झालं का? मला भाकऱ्या टाकायच्यात," नवसाबाई म्हणाल्या.

देवा, आजच्या दिवस अब्रू राख. पुन्हा तुझ्याकडे काही मागणार नाही. यादवराव मनातल्या मनात विनवत होते.

तेवढ्यात ढगांच्या फटीतून एक ठिपका बाहेर आला आणि संथपणे वर चढू लागला.

"तो बघा! तो!" यादवराव जवळजवळ ओरडलेच.

"विमान असेल," मयूर म्हणाला.

"विमान लुकलुकतं. आवाज येतो का बघा." त्यांनी दुर्बीण मयूरच्या हातात कोंबली.

मयूरने डोळ्यांना लावली. "आयला! खरंच की!"

"बघू, बघू," म्हणत नवसाबाईंनीही हात पुढे केला. "अगं बाई! चालता ताराच की हा!" ठिपका डोक्यावरून पुढे जाऊन दिसेनासा होईपर्यंत त्यांनी दुर्बीण सोडली नाही. "राहू द्या काका तुमची किल्ली," म्हणाल्या आणि भाकऱ्या टाकायला खाली गेल्या.

यादवराव कठड्याला धरून खाली बसले.

मयूर शेजारी टेकला. "चुकलो काका. नाही नाही ते बोललो. बायकोला सातवा महिना आहे, दिवसभर एकटी असते. ती स्वयंपाकघरात उभी आणि तुमची दुर्बीण तिकडे, असं वाटलं, डोकंच फिरलं माझं."

"बरी आहे ना ती?"

"पाय सुजतात जरा. काका, उद्या घेऊन येऊ का तिला? तृप्ती नाव तिचं. तेवढाच बदल. माहेरचं कोणी नाही हो तिला. आई लहानपणीच गेली, आणि वडील आमच्या लग्नाआधी वारले म्हणते."

यादवरावांची नजर सवयीनं समोरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. तीन वर्षांपूर्वी पोटची पोर घर सोडून गेली, त्या दिवशी सिन्नरच्या अंगणात सगळ्या गल्लीदेखत त्यांनीही तृप्तीच्या नावानं आंघोळ केली होती.