बटण्याचं अंगडं

तिसरं अंगडंही बटण्याने फाडलं. शिंपी चहाचा कप ठेवायला आत गेला, तेवढ्यात. परत येऊन बघतो तर बाही एकीकडे, पाठ दुसरीकडे, आणि हे महाशय मान वाकडी करून पोटावरच्या टाक्यांपर्यंत पोचलेले.

"अरे मेल्या, सोड!" शिंपी ओरडला. त्याने बटण्याला मांडीवर ओढलं आणि त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवलं. चाळीस वर्षांत भल्याभल्यांच्या अंगाला त्याने कपडे बसवले होते. पाठीत वाकलेल्या एका म्हाताऱ्याला असा कोट शिवला होता, की म्हातारा आरशासमोरून हलेना. आणि आता एका कुत्र्यापुढे हात टेकायची वेळ आली होती.

पोटातली गाठ काढून सहा दिवस झाले होते. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कर्णा बटण्याने पहिल्याच दिवशी भिंतीवर आपटून फोडला. टाके चाटून चाटून एकदा उसवले. डॉक्टरांनी ते पुन्हा घातले आणि स्पष्टच सांगितलं, "आता उसवलं तर शिवायला कातडी उरणार नाही. मग एकच इंजेक्शन, कायमचं झोपवायचं. काहीही करा, पोट झाकलेलं ठेवा."

शिंप्याने सगळं करून पाहिलं. अंगडं आधी नुसतं त्याच्या अंथरुणावर ठेवलं. मग पाठीवर टाकलं, बिस्कीट दिलं. मग एक पाय बाहीत, बिस्कीट. दुसरा पाय, बिस्कीट. पुडा संपेपर्यंत कुत्रा शहाण्यासारखा उभा. पुडा संपला की फाडाफाड.

आज सकाळी दवाखान्यातल्या कंपाउंडरने वेगळंच सुचवलं. "कोरं कापड त्याला परकं वाटतं हो. ज्याच्यावर त्याचा जीव आहे ना, त्याच्या अंगातला कपडा कापा. न धुतलेला. ओळखीचा वास आला की गप राहील."

घरी येऊन शिंप्याने आपला बनियन कापून घातला. तोही फाडला. बटण्याचा जीव होता पोरावर, आणि पोराला जाऊन सात महिने झाले होते.

मग नवराबायको दोघांचीही नजर कपाटाकडे गेली. कपाटाच्या वरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून काय ठेवलंय, ते दोघांनाही ठाऊक होतं. पोराचा निळा शर्ट. शेवटच्या दिवशी कामावरून येऊन त्याने खुंटीला टांगलेला, घामेजलेला. बाकीचे कपडे तिने वाटून टाकले, हा मात्र धुतलाही नाही. महिन्यातून एकदा ती गाठ सोडायची, तोंड आत घालायची आणि लगेच घट्ट बांधून टाकायची. वास संपून जाईल म्हणून जास्त वेळ घ्यायची नाही.

"मी नाही देणार," ती एकदम म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुमच्या मनात आलं."

"आलं गं. खोटं कशाला बोलू?"

बटण्या दोघांच्या मधे पडून धापा टाकत होता. सहा वाजले की तो अजूनही दारात जाऊन बसायचा. टाक्यांसकट, खुरडत. पोराची वाट बघणारं घरात तेवढं एकच उरलं होतं.

ती उठली. घासलेलीच भांडी तिने पुन्हा आदळत आदळत घासली. मग पिशवी घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याच्या हातात न देता मशिनवर ठेवली.

"माझ्यासमोर कापू नका. झालं की हाक मारा."

आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

शिंप्याने गाठ सोडली. डोळे असे भरून आले, की त्याला समोरचं दिसेना. पण हातांना कुठे दिसावं लागतं? पाण्यातून काढल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे बापाने त्याला लहानपणी छड्या मारून शिकवलं होतं. शिवल्यावर आटलं तर गिऱ्हाईक डोकं खातं. आणि मळकं कापड मशिनखाली घ्यायचं नाही, हेही बापाचंच. आता वापरलेला शर्ट आटतो कुठला? पण ते त्या हातांना कोण सांगणार! त्यांनी शर्ट मोरीत नेला, बादलीत बुडवला, कॉलरला साबण लावला, चोळला, चांगला खळबळला. पिळायला घेतला तेव्हा कुठे शिंप्याच्या लक्षात आलं.

तो पीळ हातात धरून तसाच उभा राहिला.

पाण्याचा आवाज ऐकून ती बाहेर आली. तिने बादली बघितली, शर्ट बघितला.

"अगं, सवयीनं..."

तिने शर्ट ओढून घेतला आणि तोंडाला लावला. कॉलर, बगला, पुन्हा कॉलर. मग खाली बसून बटण्याच्या नाकाशी धरला. बटण्याने एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग मान वळवली आणि पोट चाटायला लागला.

"तुलाही नाही ना येत?" ती त्याला म्हणाली.

काहीतरी करायचं म्हणून शिंप्याने बादली उचलली आणि मोरीत कलती केली.

"अहो," ती म्हणाली, "ते पाणी ओतू नका."