ड्रमातली कोलंबी

"हे काय आहे, गुणाबाई?"

विनायकरावांनी खताच्या ड्रमातून दाताळ्याने ओढून काढलेली कोलंबीची टरफलं परसातल्या फरशीवर पडली होती. विनायकराव घरमालक, वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांच्याकडे अंडंही चालत नसे. गुणाबाईला खालच्या खोल्या देताना त्यांची अट एकच होती. मासळी शिजवा, पण तिचा कचरा ड्रमात येता कामा नये.

गुणाबाईने ती अट दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळली होती. ड्रमही तीच सांभाळायची. दोन्ही घरांची देठं-सालं आत टाकायची, वर पालापाचोळा पसरायचा, आठवड्याला खालीवर करायचं. बाजारात मासळी विकून आल्यावर हाच तिचा विसावा. पनवेलमध्ये कोळणीकडचं पापलेट सगळ्यांना हवं, तिला खोली द्यायची म्हटलं की ज्याचं त्याचं नाक वर. त्यात नात प्रांजलची दहावी तोंडावर आलेली.

"महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा," विनायकराव म्हणाले.

गुणाबाई फरशीवर वाकली. तिने एक टरफल उचललं. अर्धं मांस त्यालाच चिकटून राहिलेलं. जन्मात कोलंबी न सोललेल्या हाताचं हे काम. तिने वर पाहिलं. मागच्या दारात मालकांची सून आभा उभी होती, सातव्या महिन्यातली. पण आभा अलिबागची, मासे खाऊन वाढलेली. ती असं सोलणार नाही. शेजारी तिची सासू, शोभाताई. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती आणि नजर जमिनीवर.

गुणाबाईला सगळं उमगलं. एक शब्द बोलली असती तर खोल्या वाचल्या असत्या. पण नवऱ्यापुढे तीस वर्षं ब्र न काढलेल्या त्या बाईला उघडं पाडणं तिच्या जिवावर आलं. प्रांजलचा विचार मनात आला आणि तिला स्वतःचाच राग आला.

"आमचीच हायत, मालक," ती म्हणाली. "चूक झाली."

"खोटं बोलताहेत त्या." शोभाताई पायरी उतरून खाली आल्या. "सोलली मी. पुरलीही मीच."

विनायकराव बायकोकडे बघतच राहिले. "आपल्या घरात? कुणाला हवी होती कोलंबी?"

शोभाताईंनी पहिल्यांदाच त्यांच्या नजरेला नजर दिली.

"तुमच्या नातवंडाला."