नाकावरची माशी

निवृत्त हेडक्लार्क नंदकिशोररावांनी बायकोची माफी मागितली. पण तसं काही घडलंच नाही असं समजा. ते पोराच्या सिनेमातलं होतं. दिग्रसच्या लग्नाला निघालेलं कुटुंब, बाप रस्ताच विचारत नाही म्हणून, भांडतभांडत पांढरकवड्याला पोचतं, असा विनोदी सिनेमा. पैसे नसल्यानं नट घरचेच. स्टेअरिंग धरून ते म्हणाले, “रत्ना, चुकलं माह्यं.” “ओके!” पोरगा ओरडला. “माह्या नाकावर माशी होती,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “अजून एकदा घे.” मग म्हणे ट्रकचा आवाज आला, मग पदर सरकला. ट्रक नव्हता, पदर जागेवर होता. उभ्या संसारात हे वाक्य आपण हिला एकदाही ऐकवलं नाही, हे उमगून नंदकिशोररावांची मान वर होईना. भाड्याचा कॅमेरा नागपूरला परत निघाला, तेव्हा ते पोराला म्हणाले, “सदर सीन रोज घेण्यात यावा, ही नम्र विनंती.”