पंधरा दिवसांचा डॉक्टर

"आज जुंपतूस का रे गाडी?" तुळजाबाईने ओसरीवरून विचारलं.

"आज चाकाला वंगण घालून राह्यलो, माय," भुजंग अंगणातून म्हणाला. "उद्या बघू."

पुढ्यातल्या सुपात तुळजाबाई तुरीची डाळ निवडत होती, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. एक डोळा जाऊन चार वर्षं झाली होती. दुसऱ्याला अजून उजेड आणि सावली एवढं कळायचं.

डोळ्यांचा डॉक्टर दोन वर्षांतून एकदा हैदराबादहून यायचा आणि मंठ्याच्या धर्मशाळेत पंधरा दिवस उतरायचा. मागच्या खेपेला त्याने तुळजाबाईचा डोळा पाहून सांगितलं होतं की मोतीबिंदू अजून कच्चा आहे. पुढच्या खेपेला आणा, पण नक्की आणा. त्यानंतर जास्त पिकला तर कुणालाच हात लावता येणार नाही. ती खेप आता आली होती. गावात दवंडी पिटून अकरा दिवस झाले होते.

भुजंग आळशी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आळशी माणूस एका जागी पडून तरी असतो. भुजंग पहाटेपासून राबायचा. पण एखादं काम नको असलं की माणसाला बाकीची सगळी कामं दिसायला लागतात. दवंडीच्या दुसऱ्याच दिवशी त्याला ज्वारी काढायची घाई झाली. मग बैलाचा खूर दुखावला. मग अमावस्या आडवी आली. मग गोठ्याचा कूड, जो तीन पावसाळे तसाच होता, तो लिंपल्यावाचून त्याला चैन पडेना.

"आत्याबाईचं गाठोडं बांधून धा दिस झाले," नंदाबाई, त्याची बायको, म्हणाली. डोळा कापल्यावर तिथं सात दिवस पडून राहावं लागे, म्हणून तिने शिधा बांधून ठेवला होता. "त्यातल्या पिठाला वास लागला आता."

"दुसरं दळ मंग."

खरी गोष्ट एवढीच होती की त्याला भीती वाटायची. आईच्या डोळ्यात हत्यार जाणार, हा विचार आला की तो दुसरं कुठलं तरी काम हातात घ्यायचा. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

वंगण झालं. त्यात आणखी दोन दिवस गेले. पंधरा दिवस दवंडीपासून धरायचे की डॉक्टर आल्यापासून, हे त्याला नक्की ठाऊक नव्हतं. बाजाराच्या दिवशी तो एकटाच मंठ्याला निघाला. बैलांसाठी सरकी आणायची होती.

"मला घिऊन चल की," तुळजाबाई म्हणाली.

"बाजाराची गर्दी, माय. धक्के लागतील. मी इचारून येतो."

धर्मशाळेपर्यंत जावंच लागलं नाही. डॉक्टरच्या हाताखालचा रहमतुल्ला बाजारातच भेटला. त्याला मराठीचा गंध नव्हता. मागच्या खेपेला पाणी प्यायलाही फुरसत नसलेला हा माणूस आज पानाच्या दुकानापुढे निवांत बसला होता. शेजारी धुतलेल्या पांढऱ्या चादरींचा गठ्ठा होता.

"सलाम, मियाँ. डॉक्टरसाब?" भुजंगाने विचारलं आणि हातानेच वाटेकडे, जाण्याची खूण केली.

रहमतुल्लाचं तोंड पानाने भरलं होतं. "कल," तो म्हणाला.

भुजंगाच्या जिवात जीव आला. म्हणजे डॉक्टर उद्या जाणार. गर्दीही ओसरलेली दिसत होती, तेव्हा नंबर लवकर लागेल. परतताना त्याला स्वतःची लाज वाटली. आजवर आईला नुसतं ताटकळत ठेवलं होतं.

"डॉक्टर उद्या जाऊन राह्यला," घरी येताच तो म्हणाला. "त्यो निघायच्या आत पोचायचं. तांबडं फुटायला निघू."

आणि खरंच निघाले. बैलांनीही नवल केलं असेल. तुळजाबाई धुतलेलं लुगडं नेसून गाडीत बसली होती, मांडीवर गाठोडं, शेजारी नंदाबाई.

"नजर आल्यावर पैले काय बघशील, माय?"

"डाळ," तुळजाबाई म्हणाली. "नंदा म्हनती, निवडलेली हाय. चार वर्सं खडे खाऊन राह्यले मी."

नंदाबाई तोंडाला पदर लावून हसली. भुजंगही हसला. एवढं सोपं होतं तर आधीच का निघालो नाही, असं त्याला वाटून गेलं.

मंठ्याला पोचले तेव्हा ऊन नुकतंच धर्मशाळेच्या ओसरीवर आलं होतं. रहमतुल्ला रिकाम्या बाजा भिंतीला उभ्या करत होता. भुजंगाने गाडीतून उडी टाकली.

"मियाँ, डॉक्टरसाब?"

रहमतुल्लाने त्याला ओळखलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. "परसों," तो म्हणाला. भुजंग तसाच उभा राहिलेला पाहून त्याने दोन बोटं वर केली. "परसों, भाई, परसों." आणि केरसुणी घेऊन तो आत गेला.

भुजंग गाडीजवळ परत आला. अंगातला ताण उतरला होता. भीती पुन्हा दोन दिवसांवर गेली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटत होतं.

"बघ, माय, काल म्हनला कल, आज म्हनतो परसों. डॉक्टरनं बी जायचं पुढं ढकललं. सगळी चालढकल निस्ती." त्याने बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "अजून दोन दिस हायेत. मंग आज घाई कशाला? काल सरकी घ्यायची ऱ्हाऊन गेल्ती, ती आज बघतो. उद्या सावकाश येऊ."

तुळजाबाई जागची हलली नाही. मान कलती करून ती धर्मशाळेकडे कान लावून बसली होती. मागच्या खेपेला इथं खोकणाऱ्या, कण्हणाऱ्या, एकमेकांना हाका मारणाऱ्या माणसांचा नुसता गलका होता. आज आतून फक्त केरसुणीचा आवाज येत होता.

"भुजंगा," ती म्हणाली, "परवा जानार म्हनला, का परवा गेले म्हनला?"