काळ्या भिंतीची झडप

आईच्या खोलीची दक्षिणेकडची भिंत बाहेरून काळी रंगवून तिच्यावर काच बसवली आहे. दिवसभर ती ऊन साठवते आणि वरच्या झडपेतून गरम हवा खोलीत सोडते. हीटरने आईचा खोकला वाढतो, म्हणून दादाने ती हौसेने बांधून घेतली.

तीन दिवस ऊन पडलेलं नाही. तरी झडप उघडतेय आणि मिटतेय.

शेवटी मी भिंत बांधणाऱ्या मिस्त्रींनाच बोलावलं.

"वारा असेल, ताई."

"खिडक्या बंद आहेत."

"मग उंदीर."

"एवढा शिस्तीचा?"

ते हसत स्टुलावर चढले. भिंतीला तळहात लावला आणि हसायचे थांबले. "गार पडलीय. हिला हलायचं कारणच नाही."

आई जेवून झोपली होती. मी तिच्या पायाशी बसले होते. तिच्या छातीवरचं पांघरूण श्वासाबरोबर वर गेलं की झडप उघडायची, खाली आलं की मिटायची. मी वीस वेळा मोजलं, एकदाही चुकलं नाही. कोण कोणाच्या तालावर चाललंय, ते मात्र कळेना.

हे मिस्त्रींना सांगणार, तोच त्यांनी झडपेवर बोट दाबलं. "ही बघा, थांबवली."

पांघरूण थांबलं.

"बोट काढा," मी म्हणाले. "मिस्त्री, आधी बोट काढा."

त्यांनी दोन्ही हात मला दाखवले. "केव्हाच काढलंय, ताई."

मग ते नखांनी झडप उघडायला लागले. आतून कोणीतरी ती ओढून धरली होती.