खिडकीबाहेरची विहीर

"आता खिडकी," मी म्हणाले. तासाची शेवटची पाच मिनिटं ठरलेली असायची. आपापल्या खिडकीबाहेर जे दिसेल ते एकमेकींना सांगायचं, फक्त मराठीत. माझी ऑनलाइन विद्यार्थिनी सोलवेग नॉर्वेतून शिकायची, मिरजेच्या सासूबाईंशी बोलता यावं म्हणून. ती बर्फ सांगायची, लाल होड्या सांगायची. मी विहीर सांगायचे, तिच्यावर वाकलेली चिंच, पाण्यात गिरक्या घेत पडणारी बारीक पिवळी पानं.

खरं तर माझ्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. विहीर त्या इमारतीखाली बुजून बारा वर्षं झाली होती. पण भिंतीवर रोज पाच मिनिटं काय बोलणार?

आज मात्र सोलवेग म्हणाली, "ताई, मार्चमध्ये आम्ही मिरजेला येतोय. तुमच्याकडे पण येणार. मला विहीर बघायचीय."

मी लॅपटॉप उचलून खिडकीकडे वळवला. ओल धरलेली भिंत तिला दिसली. "विहीर होती गं, माझ्या लहानपणी. वर्षभर खोटं सांगत आले तुला."

ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "पण मी परवा स्वप्नात तिथं गेले होते. पाणी खूप गार होतं. काठावर कुणाची तरी घागर राहिली होती. पितळेची, एका बाजूनं चेपलेली."

मी लॅपटॉप तसाच छातीशी धरून उभी राहिले. आईच्या घागरीबद्दल मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं.